मागाच्या खड्ड्यातली पाहुणी

भागरथाबाई कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीला हात लावायची. बसायचं नंतर, पाणी नंतर, ख्यालीखुशालीही नंतर. तळहात सपाट टेकवायचा, डोळे बारीक करायचे आणि त्या घराचा निकाल देऊन टाकायचा. आम्ही नागपूरच्या टिमकी वस्तीत बिऱ्हाड केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती जिना चढून वर आली. माझा नवा स्टोव्ह, नवे पडदे, खिळ्याला टांगलेला माझा पदवीदानाचा फोटो, कशाकडेही न पाहता तिने चारही भिंती चाचपल्या आणि म्हणाली,

"पापड वाळवाले झकास खोली आहे वं. मानसं नको ठेवजो इथी."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि जगातली सगळ्यात शहाणी बाई होते. पुण्याची, बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र घेऊन, दुसरा वर्ग. नवऱ्याची तारऑफिसात नोकरी म्हणून नागपुरात येऊन पडलेली. समोरच्या बोळातली एक विणकरीण माझ्या घराला पापडाचं वाळवण म्हणते म्हणजे काय! मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं. आमच्या बोळात दर दोन-तीन घरांआड अजून हातमागाची खटखट ऐकू यायची. बायकांनी कांड्या भरायच्या, सुताला खळ लावायची, आणि मागावर बसायचं ते पुरुषाने. भागरथाबाईचा नवरा काविळीने गेला तेव्हा त्याचं लुगडं मागावर अर्धं होतं. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ती स्वतः मागाच्या खड्ड्यात उतरून बसली. बोळाने वर्षभर नावं ठेवली. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मंग काय करू? अर्धं लुगडं नेसते काय कोनी?" मी तिला पाहिलं तेव्हा या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली होती आणि नावं ठेवणाऱ्या थकून तिच्याच हातची लुगडी नेसत होत्या.

हा खड्डा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी कथा त्यातच पडली आहे. तिचा माग जमिनीत खणलेल्या हौदासारख्या खड्ड्यावर बसवलेला होता. विणणारी भुईवर बसते, पाय खाली खड्ड्यात सोडते आणि तिथल्या पावड्या दाबते. कमरेपासून वरची भागरथाबाई आमच्या जगात आणि खालची बारा महिने जमिनीच्या पोटात. नागपूरच्या उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं आणि तटातट तुटतं, म्हणून तिथे गारवा राखावा लागतो. दाराला ओलं तरट, भुईवर शिंपण, खड्ड्याच्या कोपऱ्यात एक झिरपणारा माठ. उंबऱ्याशी पाण्याचं घमेलं. आत यायचं तर त्यात पाय बुडवून ओल्या पावलांनीच यायचं, मग कुणी का असेना. एकदा विणकर सोसायटीचा इन्स्पेक्टर बूट घालून आला. त्याला तिने बूटमोजे काढायला लावले आणि पँट गुडघ्यापर्यंत वर धरून आत घेतला. तो इन्स्पेक्टर पुढे वर्षभर तिला मावशी म्हणत होता.

"पानी येगळं आन् ओल येगळी," ती म्हणायची. "पानी कोनीबी वतते. ओल राखा लागते."

सुताची लड ती गालाला लावून बघायची. गाल जरा तिथेच ठेवायची आणि सांगायची, "दुपारवरी चालन." आणि बरोबर दुपारपर्यंतच चालायचं.

घरात मुलगा मोतीराम आणि सून शेवंता. मोतीराम गिरणीत होता. शांत, कष्टाळू, जरा चिडका. खोली एकच, आणि अर्धी खोली मागाने अडवलेली. शेवंताला दिवस गेले, एप्रिलची आग सुरू झाली, तेव्हा त्याने हौसेने टेबलफॅन आणला. तो फॅन भागरथाबाईने एक दिवससुद्धा खोलीत लागू दिला नाही, कारण वाऱ्याने सूत सुकतं. बोळ अरुंद, माझी गॅलरी अगदी वर. मला सगळं स्पष्ट ऐकू यायचं.

"माय, पंखा लावू दे. शेवंताले चक्कर येऊन राहिली."

"लाव नं. आंगनात लाव. माह्या सुतावर नको."

"सुनेपरीस सूत मोठं झालं काय तुले?"

"सून रुसली तं समजवता येते. सूत तुटलं तं दिवसभर गाठीच मारत बसा लागते."

"हा खड्डाच बुजवतो मी! उद्या लेकरू होईन, रांगन, आन् जाईन त्या खड्ड्यात. मंग?"

यावर नुसती खटखट वाढायची. मी गॅलरीत उभी राहून हे सगळं फुकटची करमणूक म्हणून ऐकत असे. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माझं दुःख होतं, आणि ते एका कुंडीत होतं.

झालं असं की जानेवारीत माझा धाकटा भाऊ शिलाँगहून आला. तिथे तो नोकरीला होता. येताना त्याने लाकडी पट्ट्यांच्या पेटीत शेवाळावर ठेवलेलं एक ऑर्किड आणलं. चामड्यासारखी जाड पानं, बाहेर लोंबणारी पांढरट मुळं. "ताई, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलेल. दोन हात लांब झुपका येतो. फार काही करू नकोस त्याला," असं सांगून तो गाडीत बसला. मला त्या झाडाची फार दया आली. बिचाऱ्याची मुळं उघडी! पायाखाली माती नाही! ऑर्किडच्या मुळाभोवती स्पंजासारखं आवरण असतं आणि ते हवेतली ओल शोषतं, हे मी विद्यापीठाच्या परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं होतं. आकृती सुबक आली होती. तीच मुळं मी चिनीमातीच्या कुंडीत, काळी माती आणि शेणखत कालवून, नीट दाबून पुरली. रोज अंघोळ झाली की ओलेत्यानेच तुळशीला एक तांब्या, ऑर्किडला एक तांब्या. पानं सुरकुतली तेव्हा दोन तांबे. आणखी सुरकुतली तेव्हा कुंडी उन्हात. आईला पत्र लिहिलं की झाडाने छान जीव धरला आहे, भावाला कळवा. पाडव्यापर्यंत त्याची तीन पानं उरली आणि बुंधा काळा पडला. मी रोज दुपारी दार लावून रडत असे. अनोळखी गाव, अनोळखी बोली, दिवसभर एकटी, आणि माहेरचं एकच जिवंत काही होतं ते मी माझ्या हाताने मारत होते. हे म्हणाले, "अगं, झाडच आहे." त्या दिवशी यांना आमटी अळणी मिळाली.

एका सकाळी जिन्यात धाडधाड पावलं वाजली. भागरथाबाईने खाली बोळात उभ्या सुताचा ताणा पसरून त्याला खळ लावायला घेतली होती आणि माझ्या गॅलरीतून त्याच्यावर काळं पाणी गळत होतं.

"माह्या ताण्यावर शेन टपकून राहिलं वं, पुनेवाली! काय म्हैस बांधली काय वर?"

मग तिला कुंडी दिसली. तिचा आवाज एकदम उतरला.

"हे काय पुरलं?"

"ऑर्किड आहे. आसामकडचं. फार नाजूक असतं," मी मास्तरणीच्या सुरात म्हणाले.

"तिकडं कोठी उगोते?"

"झाडावर. उंच फांदीला धरून."

"झाडावर माती असते काय?"

"नाही."

"शेन?"

मी कुंडीचा काठ पुसायला लागले.

"मंग जित्त्याले काहून पुरलं वं, भैताडे?"

तिने कुंडी तिथेच उपडी केली. मुळं एकेक करून बोटांनी चेपली, वास घेतला. कमरेला सूत कापायची लहान कात्री खोचलेली असायची, ती काढून सडलेलं सगळं छाटलं आणि कापलेल्या जागी माझी भांडी घासायची राख लावली. उरली तीन मुळं. झाडाचा तो केविलवाणा गोळा तिने पदरात घेतला.

"हे इथी नाई जगत. तुह्या घरात याचा पापड होईन. पाहुनीले नेते मी."

तेव्हापासून त्या झाडाचं नाव पाहुणी. तिने एक फुटकं कवेलू, म्हणजे छपराचं कौल, घेतलं, त्यावर नारळाची शेंडी आणि कोळशाचे तुकडे ठेवले, मागावरून उरलेल्या सुताने पाहुणीला त्यावर बांधलं, आणि खड्ड्याच्या आतल्या कोपऱ्यात, झिरपत्या माठाच्या वर, टांगून टाकलं. विणायला उजेड लागतो म्हणून तिथे ठेंगणी खिडकी होती. तिच्यातून कवडसा नाही, नुसता उजेड यायचा. पाणी म्हणून ती काही घालायची नाही. धोट्यातली कांडी बदलताना ओला हात त्या मुळांवरून फिरवायचा, एवढंच.

मला आठवड्यातून एकदा भेटीची परवानगी होती. पाय घमेल्यात बुडवून. मी दर वेळी विचारायची, "काही फरक?"

"पाहुनीच्या मांगमांग नाई फिरा लागत वं. तिले बसू दे. घर वळखू दे."

मला धीर कुठला! एकदा ती बाहेर गेलेली पाहून मी वाटीभर शेणाचं पाणी पदराआड नेलं आणि पाहुणीला पाजलं. संध्याकाळी गॅलरीखालून आवाज आला, "पुनेवाली! तुयी आठ दिवसाची हजेरी बंद!" अख्खा बोळ हसला. मी पडदा ओढून घेतला. आज माझी नातसून तिच्या ऑर्किडला फोनमध्ये बघून औषध घालते, तेव्हा मी काही बोलत नाही. बोलायचा अधिकार मी त्या वाटीत घालवला.

मे महिन्यात एकदा मी तिथे असतानाच मोतीराम आला आणि आईला म्हणाला, "मुरूम सांगतला. पावसाळ्याआंधी बुजवून टाकू खड्डा."

भागरथाबाईने धोटा थांबवला. "ह्या बाईची पाहुनी आहे खड्ड्यात. मरनाच्या दारातून आनली. अर्ध्यातून काढू काय तिले? पाप कोनाले लागन?"

मोतीरामने माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या बाईचा त्याला फार आदर होता. "किती दिवस लागतीन, ताई?"

मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "फुलू दे तिले. ज्या दिवशी फुलन त्या दिवशी खड्डा तुया, मुरूम तुया. मी काई बोलनार नाई."

माझ्या झाडाची केवढी ही प्रतिष्ठा! मी अंगभर फुलले. आणि शास्त्रीय चेहरा करून म्हणाले, "साधारण एक वर्ष तरी लागेल हो."

भागरथाबाईने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला वाटलं, माझ्या ज्ञानाचं.

श्रावणात शेवंताला मुलगी झाली. त्याच पंधरवड्यात पाहुणीला नवं मूळ फुटलं, टोकाला पोपटी. "ये वं, पाह्य," म्हणून मला मुद्दाम हाक मारली. ती खड्ड्यात बसल्या बसल्या वाकली, मुळाला गाल लावला आणि म्हणाली, "धरलं तिनं." मग परत धोटा टाकायला लागली. हिवाळ्यात दोन पानं आली. जुन्या पानांची कातडी ताठ झाली. मी आईला पत्र लिहिलं. या वेळी खरं होतं, फक्त त्यात भागरथाबाईचं नाव नव्हतं.

चैत्र लागला तेव्हा नात रांगू लागली होती. भागरथाबाई तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला अडकवायची. एका दुपारी गाठ सुटली. मी दारात घमेल्यात पाय बुडवत होते. पोर सरसर खड्ड्याच्या काठाशी आली, दोन्ही हात मागावर ताणलेल्या सुताच्या झिरझिरीत पट्ट्यावर टेकले आणि पट्टा खाली गेला. शेवंता किंचाळली. भागरथाबाईने झटकन हात टाकून पोरीची तंगडी धरली. पोर हसत होती. वर काढली तेव्हा तिच्या मुठीत पाच-सात धागे होते, तुटलेले.

शेवंता पोर छातीशी धरून बाहेर जाऊन उभी राहिली. भागरथाबाई धागे जोडत बसली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी गेले तर पाहुणीचं तोंड भिंतीकडे केलेलं, वरून ओलं फडकं.

"काहून झाकलं?" मी आता काहून म्हणायला शिकले होते.

"उजेड जास्त झाला."

उजेड! वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला उजेडाबद्दल सांगते! मी सरळ वाकून फडकं उचललं. पानांच्या बगलेतून वीतभर दांडा खाली आला होता आणि त्यावर ओळीने गुलाबी कळ्या, हरभऱ्याएवढ्या. मी किंचाळणार तोच तिचा हात माझ्या तोंडावर बसला. हाताला खळीचा आंबूस वास.

"बोंबलू नको. मागावर लुगडं आहे. तेवढं उतरू दे मले. पंधरा दिवस. मंग खुशाल ने."

मी मान हलवली. मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून लपवते. जुन्या बायका, त्यांचे समज! मोतीरामला दिलेला शब्द माझ्या समोर दिलेला होता, माझ्या साक्षीने, आणि तो माझ्या डोक्यातून साफ गेला होता. माणसाला फूल येणार असलं की त्याला दुसरं काही आठवत नाही.

पंधरा दिवस कुठले! त्या शुक्रवारी माझ्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. धरमपेठेतल्या साहेबांच्या बायका यायच्या होत्या. आदल्या दिवशी पहिली फुलं उमलली, पांढरी, वर जांभळे शिंतोडे, गच्च वेणीसारखा झुपका. शुक्रवारी सकाळी मी खाली गेले.

"भागरथाबाई, चारच दिवस. गौरीपुढे ठेवते आणि आणून देते."

ती विणत होती. धोटा डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. असा पाच-सहा वेळा. लुगड्याचं पुष्कळसं झालं होतं, करवती काठाचं.

"ने," ती म्हणाली. "तुयीच आहे."

मी कवेलू दोन्ही हातांत धरून बाहेर आले. अंगणात मोतीराम रात्रपाळी करून आलेला, नळाखाली पाय धूत होता. आणि मी, मला कुणी विचारलं नव्हतं, मी झाड उंच धरून त्याला म्हणाले, "मोतीरामजी, पाहा! फुललं एकदाचं!"

त्याने फुलांकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मला वाटलं, बिचारा, सौंदर्याने अवाक झाला.

हळदीकुंकू माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी. गौर बाजूला राहिली, बायका ऑर्किडभोवती. "नागपुरात कसं हो जगवलंत?" मी आंब्याची डाळ वाढता वाढता म्हणत होते, "थोडं शास्त्र लागतं." मुळांच्या आवरणावर छोटंसं भाषणही केलं. भागरथाबाई तिथे नव्हती. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नसत. बोलवावं का, हा प्रश्न पडून मी तो नाकारला असता तर निदान मी वाईट होते असं म्हणता आलं असतं. मला प्रश्नच पडला नाही.

मग शेजारणी बघायला आल्या, मग यांच्या ऑफिसातले लोक. चार दिवसांचे दहा झाले. मधले दोन दिवस खालून धप धप आवाज येत होता. कुणाचं बांधकाम असेल. मागाची खटखट थांबली आहे, हे मला ऐकू आलं नाही. अकराव्या दिवशी फुलं गळायला लागली, मुळं आकसली, तेव्हा मी झाड घेऊन खाली गेले.

दारात घमेलं नव्हतं. भिंतीशी मागाची लाकडं रचून ठेवली होती. आत सपाट जमीन. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून बसवलेला, आणि शेवंता त्याच्यावर सारवत होती. तिकडे कोपऱ्यात टेबलफॅन घरघरत होता. सारवून वाळलेल्या भागात पोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगत होती. एवढी मोकळी जागा तिने जन्मात पाहिली नव्हती, आनंदाने ओरडत होती.

भागरथाबाई पायरीवर बसली होती. शेजारी कापून उतरवलेलं लुगडं गुंडाळून ठेवलेलं.

"आनली पाहुनी?"

"भागरथाबाई, हे लुगडं..."

"चार हात राहिलं होतं."

"मी मोतीरामजींना सांगते. मला माहीत नव्हतं, मी..."

"काय सांगतं? खोटं बोलला काय तो? बोली झाली होती, फुललं का बुजवाचं. फुललं." मग आत पाहून म्हणाली, "पाह्य, कशी पयून राहिली माही पोट्टी."

तिने माझ्या हातातून कवेलू घेतलं, मुळं चाचपली आणि परत दिलं. "न्हानीत टांग. तेवढीच ओल आहे तुह्या घरात. मले आता ठेवाले जागा नाई."

मी न्हाणीत टांगलं. रोज हात ओला करून मुळांवरून फिरवला, अगदी ती फिरवायची तसा. नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ भाजऱ्या दिवसांत, ते गेलं. पानं पिवळी पडली नाहीत, कुजली नाहीत, नुसती सुकत गेली, कागदासारखी. तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच.

एक गोष्ट मात्र माझ्यातून जात नाही. कात्री तिच्या कमरेला असायची, वर्षभर, रोज. दांडा वीतभर होता तेव्हा एकदा कात्री चालवली असती तर कुणाला कळलं नसतं. मलाही नाही. मी म्हणाले असते, हवामान मानवलं नाही, पुढच्या वर्षी येईल. तिचं आणखी एक वर्ष निघालं असतं, निदान ते लुगडं तरी. तिने फडक्याने झाकलं, पण छाटलं नाही. मी असते तर छाटलं असतं, आणि नंतर त्याला शास्त्रीय कारणही शोधलं असतं.

मोतीरामला मी कधी दोष दिला नाही. त्या काठावरून ओढून काढलेली पोर मी पाहिली होती. म्हणूनच राग धरायला कुणी उरलं नाही, स्वतःशिवाय.

मागाची लाकडं त्या पावसाळ्यात चुलीत गेली. काही दिवस भागरथाबाई दुसऱ्यांच्या मागासाठी कांड्या भरून द्यायची, पण तिला मांडी घालून बसता येईना. वीस वर्षं पाय खाली सोडून बसलेली बाई, गुडघे मुडपायचे नाहीत. तेही सुटलं. ती माझा जिना परत कधी चढली नाही. मी खाली जायला हवं होतं. रोज ठरवायची, आणि रोज काहीतरी काम निघायचं.

दोन वर्षांनी यांची बदली झाली. हिवाळ्यातली सकाळ होती, ट्रकमध्ये सामान चढत होतं, तेव्हा मी एकदाची निरोप घ्यायला गेले. भागरथाबाई ओट्यावर उन्हात बसली होती, पाय लांब सोडून. उन्हात बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. अंगावर नायलॉनची गोल साडी, मोठमोठ्या निळ्या फुलांची. मोतीरामने दिवाळीला घेतलेली. वीसेक वर्षं ती स्वतःच्या हातचं नेसत आलेली. मी बघतच राहिले, आणि तिने ते पाहिलं.

"काय पाहून राहिली वं? चांगली आहे. धुतली का घडीभरात वाळते. ओली राहतच नाई."

आणि पदराचं टोक माझ्यापुढे धरलं. मी हात लावला. चुरचुरीत, कोरडं.

"छान आहे," मी म्हणाले.

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. मी वाकून नमस्कार केला, तिने "जाय, सुखी राह्य" म्हटलं. ट्रक बोळाच्या तोंडाशी वळताना मी मागे पाहिलं. तिने तो पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता आणि ती तशीच उन्हात बसून होती.